गच्चीवरचं लिंबूटिंबू

ऐक ना शमे, तू फक्त ऐक. मधे फोन बघायचा नाही, आणि 'भुताची गोष्ट आहे का' असं तर विचारायचंच नाही, कारण ते मलाही अजून कळलेलं नाही.

तर हेमाताई माझ्या खुर्चीमागे उभ्या आहेत. हातात कंट्रोलर, बटणांना कणीक लागलेली, कारण त्या पोळ्या अर्ध्या टाकून खाली आल्यात. आणि मला विचारतायत, "केतकी, ती कुठेय गं?"

"कोण ताई?"

"सहावी. आत्ता हसली बघ."

आणि शमे, त्या गेममधे सहावी कुणी नव्हतीच! लेव्हल मी बनवलेली, एकेक वीट मी ठेवलेली, त्यात लपलेली मुलं पाच. पाच म्हणजे पाच. आणि ही बाई रोज दुपारी येऊन सहावीला शोधतेय. जेवण नाही, झोप नाही, फक्त ती सापडली पाहिजे.

थांब, तुला मागून सांगते, नाहीतर तू म्हणशील काहीतरी फेकतेय.

चार वर्षं झाली याला. मी नाशिकला नवीनच लागले होते, फैजलच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे काय, सिडकोच्या पलीकडे मधुमालती कॉलनी म्हणून जुनी रो-हाऊसेस आहेत, त्यातल्या एका घराचा खालचा हॉल. कोड फैजल लिहायचा, लेव्हल मी करायचे, चित्रं आम्ही दोघं मिळून. वरच्या मजल्यावर घरमालकीण हेमाताई कुलथे आणि त्यांची म्हातारी आई. ताई पंचेचाळीशीच्या, लग्न केलेलं नाही, शिकवण्या घ्यायच्या. आमच्यावर फार जीव. म्हणजे चहा वरून यायचा, सोबत 'अरे किती वेळ बसता, डोळे जातील' हेही वरून यायचं.

गेम साधा होता. उड्या मारत पुढे जायचं, तसला. हिरो म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला दोन पाय फुटलेले. नाव डबडू. डोंगराची लेव्हल झाली, बाजाराची झाली, धरणाची झाली. चौथी काय करायची ते सुचेना, तर फैजल खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "अरे यार, हीच कॉलनी कर ना. गच्च्या बघ कशा एका रांगेत."

आणि खरंच की! सगळी घरं चिकटलेली, मधे फक्त गुडघ्याएवढा कठडा. ह्या टोकाच्या गच्चीवरून निघालीस तर पार त्या टोकापर्यंत. काळ्या टाक्या, कपड्यांच्या दोऱ्या, वाळत घातलेल्या कुरडया, डिशच्या छत्र्या. देवानेच लेव्हल करून ठेवलेली! चादरीवर पडलं की डबडू वर उसळणार, कुरडयांच्या प्लास्टिकवरून घसरणार. मी तर नाचायलाच लागले.

मग मी हेमाताईंना धरलं. त्या जन्मापासून तिथल्या. म्हटलं, सांगा सगळं, कोण कुठे राहायचं, तुम्ही काय खेळायचात. डबडूचं चित्र बघितल्याबरोबर त्या हसल्या.

"डबा आहे ना तुमचा हिरो? मग डबा ऐसपैस खेळवा त्याला. आम्ही ह्याच गच्च्यांवर खेळायचो."

बास. लेव्हल झाली. डबडूवर राज्य, पोरं लपलेली, त्याने उड्या मारत जाऊन एकेकाला शोधायचं. सापडलं की ठण्ण आवाज, आणि नाव घेऊन 'डबा ऐसपैस'. ताई एकेक गच्ची सांगत गेल्या आणि मी काढत गेले. पम्या कायम जिन्याच्या दाराआड. मंगल चादरीमागे, पण पाय दिसायचे. थोरला सोनवणे आणि धाकटा सोनवणे एकाच टाकीमागे, आणि तिथे भांडायचे. चष्मिस किरण पत्र्याच्या शेडवर. पाच जण झाले.

"आणि शोधायला तुम्ही?"

"बऱ्याचदा मीच. मला पळता यायचं नाही ना, पटकन आऊट व्हायचे." मग बशी पुसत पुसत म्हणाल्या, "आणि एक लिंबूटिंबू होतं."

"कुणाचं?"

"असतं ना प्रत्येक टोळीत एक. ते लपायचं आणि तिथूनच ओरडायचं, मी इथे नाहीये!"

मी इतकी हसले शमे! मी इथे नाहीये! मला ते इतकं आवडलं. ताईही हसल्या आणि मग 'दूध ठेवलंय गॅसवर' म्हणून वर गेल्या.

मी लगेच सहावं पोर काढलं. फ्रॉक, दोन वेण्या, हसरा चेहरा. आवाज कुणाचा घ्यायचा? घेतला माझाच. बेसिनपाशी उभी राहून नाक दाबून फोनवर रेकॉर्ड केलं, आधी खिदळणं, मग "मी इथे नाहीये!" आणि लिंबूटिंबू म्हणजे काय, तुला माहितीये ना, खेळायला घेतात पण धरत नाहीत. म्हणून मी तिला पाचांच्या मोजणीत घातलंच नाही. पाच सापडली की शेवटचं फाटक उघडतं आणि पाटी येते, 'डाव संपला!' ही सापडली काय, नाही सापडली काय, गुण तेवढेच.

फैजलने बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मोजायची नाही तर ठेवायची कशाला? फोनवर गेम अडकतोय आधीच. सहावी काढ."

"अरे पण गोड आहे ती!"

"गोड आहे तर डीपी ठेव. लेव्हलमधून काढ."

काढून टाकली. चित्र उडवलं, नाव उडवलं. झालं.

मग लेव्हल पहिल्यांदा कुणाला खेळायला द्यायची? अर्थात हेमाताईंना. अगं काय धमाल! पहिल्याच कठड्यावर डबडू आपटतोय, परत आपटतोय.

"हा सारखा पडतोय का पण? ह्याला दिसत नाही का?"

"ताई, उडी मारा, उडी! लाटणं नाहीये ते, हळू दाबा," फैजल.

"जास्त बोलू नकोस फैजल, पाणी बंद करीन खालचं."

पण हळूहळू जमायला लागलं त्यांना. पम्या सापडला, ठण्ण. "अय्या, दाराआडच आहे की मेला!" मंगल सापडली. सोनवणे सापडले. चष्मिस किरणला बघून तर टाळी वाजवली. डोळ्यांत पाणी आलेलं हसून. फाटक उघडलं. स्क्रीनवर मोठ्ठी पाटी, 'डाव संपला!' आम्ही दोघं ओरडलो, "ताई, जिंकलात!"

आणि लांबून, अगदी लांबून, रांगेच्या त्या टोकाकडून आवाज आला. खिदळल्याचा. "मी इथे नाहीये!"

ताईंचं हसू होतं तसंच राहिलं चेहऱ्यावर, पण त्यामागे कुणी नव्हतं, कळतंय का तुला? त्यांनी डबडूला फाटकातून मागे वळवलं.

"ताई, संपला डाव," फैजल म्हणाला.

"कुठे संपलाय? एक राहिलंय."

आम्हाला मजाच वाटली. फैजल म्हणाला, बघ, ह्याला म्हणतात खेळाडू. त्या मात्र पुन्हा सगळ्या गच्च्या फिरल्या, प्रत्येक टाकीमागे गेल्या, प्रत्येक चादर हलवली. दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. आई झोपली की खाली. आता आम्हाला बोलायच्या नाहीत, पाणी बंद करीन म्हणायच्या नाहीत. नुसतं खेळायच्या. पाच पटापट शोधायच्या, अगदी कामं उरकल्यासारख्या, आणि मग खरा शोध सुरू.

मला कळेना आवाज येतोय कुठून. मी सगळं उघडून बघितलं. तर काय झालेलं माहितीये? पाच मुलांचे आवाज मोजणीला जोडलेले होते. तिचा नव्हता, कारण ती मोजणीत नव्हती. तो मी वेगळा नेऊन ठेवलेला, शेवटच्या गच्चीवरच्या टाकीमागे. मुलगी काढून टाकताना मी फक्त मोजणीतल्या आणि चित्रांतल्या गोष्टी बघितल्या. आवाज कुठल्याच यादीत नव्हता, म्हणून तो कुणाच्या हाती लागला नाही. तो तिथेच राहिला, एकटा.

मी म्हटलं, ताईंना सांगून टाकू, आमची चूक आहे, कुणी नाहीये तिथे. तर त्याच दुपारी त्यांनीच मला विचारलं. स्क्रीनवरची नजर न काढता.

"केतकी, मुलगी होती हे तुला कसं कळलं?"

"काय ताई?"

"मी तुला एक लिंबूटिंबू होतं म्हणाले. मुलगी म्हणाले नव्हते. हा आवाज मुलीचा आहे."

"माझाच आहे ताई. नाक दाबून काढलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मुलांना चुकीचं उत्तर आल्यावर शिकवणीच्या बाई बघतात ना, तसं.

"तुझा नाहीये," म्हणाल्या.

शमे, त्या गेल्यावर मी हेडफोन लावून तो आवाज ऐकला. दहा वेळा ऐकला. माझाच होता. म्हणजे... हसण्याचा शेवट जरा वेगळा वाटत होता. पण आपला आवाज आपल्याला कुठे ओळखू येतो? माझाच असणार.

दुसऱ्या दिवशी आम्हाला गेम पाठवायचा होता. बंगलोरची एक कंपनी घेणार होती, संध्याकाळपर्यंतची वेळ दिलेली. मी सकाळपासून शेवटचं सगळं तपासतेय, आवाज अजून काढलेला नाही, विसरले म्हण किंवा काय म्हण. आणि भर दुपारी दारात साबळे काका. रांगेतल्या शेवटच्या घराचे. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, चेहरा उतरलेला.

"तुमच्या मालकीणबाईंना खाली घेऊन या जरा. माझ्या गच्चीवर आल्यात."

"कशा आल्या?" फैजल.

"कशा म्हणजे? कठडे ओलांडत. ह्या वयात! मिसेस कपडे काढायला गेली तर ही टाकीमागे वाकलेली. किंचाळली ना ती." मग माझ्याकडे वळले. "काय दाखवता तुम्ही त्यांना त्या कॉम्प्युटरवर?"

"गेम आहे काका. ह्याच कॉलनीचा. डबा ऐसपैस."

बोलत बोलत आम्ही त्यांच्या घरापर्यंत आलो होतो, तिथे काका चालायचे थांबले. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेच.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही होय," म्हणाले. "शितल. हेमाची धाकटी बहीण. एवढीशी होती. बॉयकट. ह्या पोरांच्या मागे मागे फिरायची, त्यांनी आपलं लिंबूटिंबू म्हणून घेतलेलं. त्या दिवशी हेमावर राज्य होतं. पाच पोरं सापडली, डाव संपला, पोरं खाली आली, हातपाय धुतले, जेवायला बसली. ताटं वाढल्यावर आईनं विचारलं, शितल कुठेय."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. अजून विचारतायत."

फैजलने हळूच विचारलं, "सापडली नाही?"

"कॉलनीच्या मागे तेव्हा सगळी द्राक्षाची शेतं होती. विहिरी उपसल्या, शेतं पालथी घातली. पोलीस, वर्तमानपत्र, सगळं केलं. चप्पलसुद्धा नाही मिळाली. आमचा चष्मिस किरण अजून दरवर्षी येतो पुण्याहून, हेमासमोर बसतो, चहा घेतो, जातो. एक शब्द बोलत नाहीत दोघं."

आम्ही वर गेलो. ऊन असं की डोळे उघडवेनात. ताई टाकीपाशी, साडी खोचलेली, कोपर खरचटलेलं. टाकीमागे जुन्या फरशा होत्या, सायकलची फ्रेम होती, ती सगळी त्यांनी बाजूला ओढलेली. मला बघून अगदी शांतपणे म्हणाल्या,

"आवाज इथूनच येतो ना गं? गेममधे?"

"हो ताई."

"हाच कोपरा तू का घेतलास?"

काय सांगू? खरं ते सांगितलं. "बाकी सगळ्या गच्च्यांचं तुम्ही सांगितलंत. इथलं काहीच सांगितलं नाहीत. हा कोपरा रिकामा राहिला होता, म्हणून."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

"मी आलेच नव्हते इकडे," म्हणाल्या. "त्या दिवशी. पाच सापडली होती ना. मग कशाला यायचं?"

आणि वळल्या, आणि त्या काळ्या टाकीवर बोटाने टकटक केली. टाकी अर्धी रिकामी असणार, आतून खोल आवाज आला. आणि ताई म्हणाल्या, त्यांच्या आवाजात नाही शमे, लहान मुली म्हणतात ना वरच्या पट्टीत, तसं,

"शितल, डबा ऐसपैस."

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. साबळे काका कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळे वाट बघत होतो, शपथ, मी पण. कशाची ते विचारू नकोस.

मग फैजलने त्यांचा हात धरला. "चला ताई. खाली चला."

खाली आल्यावर मी सगळं सांगितलं. चित्र कसं उडवलं, नाव कसं उडवलं, आवाज कसा चुकून राहिला. फैजल म्हणत होता, आवाज उडव, गेम पाठवू, विषय संपवू. ताई ऐकत होत्या.

"म्हणजे ती त्यात नाहीच."

"नाही ताई. सॉरी. खरंच सॉरी. तुम्ही इतके दिवस..."

"आवाज आहे, पण ती नाही."

"हो."

"तू काढलेलं चित्र आहे अजून?"

होतं. टाकून दिलेल्या चित्रांच्या फोल्डरमधे होतं. उघडून दाखवलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, दात काढून हसतेय. ताई स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ आली.

"वेण्या नव्हत्या. आईला वेळ नसायचा, बारीक कापून टाकलेले केस. करता येईल?"

मी वेण्या काढल्या. केस कापले.

"कान दिसायचे. थोडे पुढे होते."

कान जरा पुढे आणले. फैजल "केतकी" म्हणाला. मी थांबले नाही, कशी थांबणार?

"हं," ताई म्हणाल्या. नुसतं हं. मग पदराने चेहरा पुसला आणि खुर्चीवरून उठल्या. "आता ठेव तिला कुठेतरी. मोजणीत घाल. पाच नाही, सहा. ती सापडल्याशिवाय फाटक उघडायचं नाही."

"कुठे ठेवू?"

"ते मला कसं सांगशील, वेडे? राज्य माझ्यावर आहे ना अजून."

आणि शमे, ती पंचेचाळीस वर्षांची बाई हॉलच्या भिंतीकडे गेली, दोन्ही हातांनी डोळे झाकले, कपाळ भिंतीला टेकवलं आणि मोजायला लागली.

"दहा... वीस..."

फैजल माझ्या कानाशी वाकला. "नको करूस. ऐक माझं. तू जिथे ठेवशील ना, उद्या त्या तिथे जाऊन खरंच बघणार आहेत. ह्यातली प्रत्येक जागा बाहेर आहे."

"तीस... चाळीस..."

"आणि नाही ठेवली तर?" मी म्हटलं. "आयुष्यभर त्या टाकीमागे बघतील."

"सापडली तर काय होईल मग? ते सांग!"

मला कुठे माहीत होतं? माउसच्या टोकाला ती मुलगी लटकलेली, कान पुढे, हसतेय, आणि समोर सगळी कॉलनी. साबळे काकांची टाकी? तिथे आत्ताच बघून आल्यात. कॉलनीकडेची विहीर मी गच्च्यांमागच्या देखाव्यात काढलेली, तिकडे तर माउस नेववेना. सोनवण्यांची गच्ची? मग म्हणतील, सोनवण्यांना माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या घराचा जिना? म्हणजे ती घरातच होती, आणि ही जेवायला बसली. जिथे नेईन तिथे मीच ठरवत होते ना, ती पोरगी त्या दिवशी कुठे होती ते! अवघड जागी ठेवली तर बाई शोधत राहणार. सोप्या जागी ठेवली तर 'इतकी सोपी होती, आणि मला दिसली नाही' असं त्यांना होणार.

"साठ... सत्तर..."

आवाज हळूहळू वर चढत होता. त्या लहान मुलीच्या आवाजात मोजत होत्या आता. फैजलने माउसवरच्या माझ्या हातावर हात ठेवला होता, पण तो ओढत होता की ढकलत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ऐंशी... नव्वद... येऊ का?"

तू सांग शमे. मी काय केलं ते नंतर. आधी तू सांग, तू कुठे ठेवलं असतंस तिला?